बँकेच्या वहींतील घर

घर विकत घेणें हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा व्यवहार होय. एकाला घर द्यावयाचें असतें, दुसऱ्याला घ्यावयाचें असतें, आणि दोघांच्या मर्जीनें किंमत ठरते. परंतु घरखरेदीचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत विकणाऱ्याला तें घर कधींच नको होतें, आणि ज्याला हवें होतें तो व्यवहाराच्या वेळीं हजरहि नसतो. कर्ज थकल्यामुळें बँकेच्या मालकीचीं झालेलीं घरें या प्रकारांत मोडतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा घरांचा बाजार फार मोठा आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत दोनदां त्याला महापूर आला. या बाजाराचा इतिहास स्वस्त घरांचा इतिहास म्हणून सांगण्याची चाल आहे. पण बारकाईनें पाहिलें तर तो वेळेचा इतिहास आहे. कर्ज फेडणाऱ्याला किती वेळ द्यावयाचा आणि घर घेणाऱ्या कुटुंबाला किती वेळ मिळावयाचा, या दोन प्रश्नांचीं उत्तरें जशीं बदलत गेलीं, तसा घराचा पुढचा मालकहि बदलत गेला.

फोरक्लोझर या इंग्रजी शब्दाचा अर्थ पुष्कळांना घर जप्त करणें असा वाटतो. मूळ अर्थ तसा नाहीं. जुन्या इंग्लंडांत जमीन गहाण टाकणारा मनुष्य ठरलेल्या दिवशीं पैसे घेऊन आला नाहीं, तर जमीन कायमची धनकोची होई. गहाणाला तेथें ‘मॉर्गेज’, म्हणजे मृत तारण, हें नांव कां पडलें याचा खुलासा पंधराव्या शतकांतील लिटल्टन या कायदेपंडितानें असाच केला आहे: मुदतींत पैसे न आले तर जमीन ऋणकोला मेली, आणि आले तर गहाण धनकोला मेलें. एका दिवसाच्या विलंबानें वडिलोपार्जित शेत हातचें जावें, इतका हा नियम कठोर होता.

सतराव्या शतकांत तेथील चॅन्सरी न्यायालयानें या कठोरपणाला आळा घातला. मुदत टळली तरी मुद्दल, व्याज आणि खर्च देऊन गहाण सोडविण्याचा हक्क ऋणकोला राहतो, असा दंडक तेथील न्यायाधीशांनीं घालून दिला. त्यामुळें धनकोची मात्र अडचण झाली. आज ना उद्यां ऋणको येऊन जमीन परत मागेल, या भीतीनें त्याला ती विकतां येईना कीं तिच्यावर खर्च करतां येईना. म्हणून धनकोच्या अर्जावरून न्यायालय एक अखेरची तारीख ठरवून देऊं लागलें. त्या तारखेनंतर सोडवणुकीचा दरवाजा बंद. हा दरवाजा बंद करणें म्हणजे फोरक्लोझर. तेव्हां या कायद्याच्या मुळाशीं घर हिसकावून घेणें नसून, ऋणकोला आणखी किती थांबावें याचा निवाडा आहे. आपल्याकडील १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमांत गहाण सोडविण्याचा जो हक्क दिला आहे, तोहि याच परंपरेंतून आलेला आहे.

अमेरिकेंत ही पद्धत गेली आणि तेथें तिला लिलावाची जोड मिळाली. जमीन सरळ धनकोच्या हवालीं करण्याऐवजीं ती जाहीर लिलावांत विकावी, कर्ज वळतें करून घ्यावें आणि कांहीं उरलें तर तें ऋणकोला द्यावें, असा विचार तेथें रुजला. हे लिलाव पुष्कळ ठिकाणीं काउंटीच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर होत आले आहेत. त्यांत खुद्द कर्ज देणाऱ्या बँकेलाहि बोली करतां येते. तिला रोख मोजावे लागत नाहींत. कर्जाचें येणें हेंच तिचें चलन. दुसऱ्या कोणी तिच्या बोलीवर बोली केली नाहीं, तर घर बँकेच्या नांवें चढतें. मिनेसोटा, मिशिगन यांसारख्या कांहीं राज्यांत लिलावानंतरहि कांहीं महिने पैसे भरून घर परत मिळविण्याची सवलत जुन्या मालकाला आहे. तीहि मुदत टळली म्हणजे घर बँकेच्या हिशेबाच्या वहींत ‘मालकीचें स्थावर’ या सदरांत जाऊन बसतें.

बँकेला हें स्थावर नको असतें. कर्ज दिलेला पैसा व्याज आणीत असतो. घर व्याज आणीत नाहीं, उलट खर्च मागतें. नगरपालिकेचा कर, विमा, राखण आणि दुरुस्ती हें सारें आतां बँकेच्या माथीं बसतें. अमेरिकेच्या उत्तर भागांत रिकाम्या घराची शेगडी हिवाळ्यांत बंद राहिली, तर नळांतील पाणी गोठून नळ फुटतात आणि वसंतऋतूंत भिंतींना बुरशी चढते. घर ओसाड आहे असें दिसतांच तांब्याच्या नळ्या व तारा चोरीस जातात. शिवाय बँकांनीं जमीनदार होऊन बसूं नये अशी कायद्याचीहि इच्छा आहे. १८६४ सालच्या राष्ट्रीय बँक कायद्यानें कर्जापोटीं आलेलें स्थावर पांच वर्षांहून अधिक काळ ठेवण्यास बँकांना मनाई केली होती. नको असलेली वस्तु, तिजवर चाललेला खर्च आणि विकण्याची घाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे किंमत उतरते. बँकेच्या घराच्या स्वस्ताईचें रहस्य एवढेंच आहे. मात्र ही स्वस्ताई कोणाच्या पदरांत पडते हा प्रश्न निराळा.

कर्ज काढून घर बांधण्याची चाल अमेरिकेंत सामान्य माणसापर्यंत पोंचली ती परस्पर सहायक मंडळींमुळें. १८३१ सालीं फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्ड या वस्तींत अशी पहिली मंडळी निघाली. तिचें पहिलें कर्ज ३७५ डॉलरांचें असून, तें रस्त्यावरील दिवे लावणाऱ्या एका माणसानें घर घेण्यासाठीं काढलें होतें. पुढील शंभर वर्षांत असल्या मंडळी, पेढ्या, बँका व विमा कंपन्या यांनीं घरांवर अपार पैसा लावला. परंतु १९२० नंतरच्या दशकांत बँकांकडून मिळणारीं कर्जें आजच्यासारखीं वीस किंवा तीस वर्षांचीं नव्हतीं. किंमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम तीन ते पांच वर्षांच्या मुदतीनें मिळे. दरम्यान बहुधा नुसतें व्याज भरावें लागे आणि मुदतीच्या अखेरीस सगळें मुद्दल एकदम उभें राही. तें फेडण्याची कोणाची ऐपत नसे, आणि कोणी तशी अपेक्षाहि करीत नसे. मुदत संपली कीं कर्ज नवें करून घ्यावयाचें, ही रूढीच पडून गेली होती. उरलेल्या निम्म्या रकमेसाठीं कित्येकजण दुसरें गहाण, आणि तेंहि चढ्या व्याजानें, करीत.

१९२९ नंतर मंदी आली तेव्हां ही रूढी तुटली. १९३० ते १९३३ या काळांत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. ज्या उरल्या त्यांना स्वतःच्या ठेवीदारांना पैसे देण्याची चिंता. त्या कर्ज नवें कोठून करून देणार? जो गृहस्थ व्याज वेळेवर भरीत होता त्यालाहि, मुद्दल आणा किंवा घर सोडा, असें सांगण्यांत आलें. त्यांतच चार कामकऱ्यांमागें एक बेकार. १९२६ सालीं देशांत सुमारे ६८ हजार घरांवर फोरक्लोझर झालें होतें. १९३३ सालीं ती संख्या अडीच लाखांच्या वर गेली. त्या वर्षीं दररोज सुमारें एक हजार कर्जांचा निकाल अशा रीतीनें लागे, असें त्या काळीं सांगितलें जाई. घरें विकावयास निघालीं, पण विकत घेणाऱ्याच्या हातीं पैसा नाहीं, आणि पैसा देणारी बँक बंद. म्हणून बहुतेक लिलावांत बोली करणारा एकच, तो म्हणजे कर्ज देणारा.

या स्थितीचा स्फोट प्रथम शेतकऱ्यांत झाला. आयोवा व आसपासच्या राज्यांत शेतकरी लिलावाच्या जागीं जमत, घोडा, नांगर किंवा गाय यांवर चार दोन सेंटांची बोली करीत, आणि घेतलेली वस्तु मूळ मालकाला परत देत. परगांवचा कोणी अधिक बोली करूं लागला तर त्याला शेजारच्या माणसांचे चेहरे पाहूनच शहाणपण सुचे. २७ एप्रिल १९३३ रोजीं आयोवांतील ल मार्स या गांवीं शेतकऱ्यांचा जमाव न्यायाधीश ब्रॅडली यांच्या कोर्टांत शिरला. यापुढें फोरक्लोझरच्या हुकुमांवर सही करणार नाहीं अशी शपथ घ्या, असें त्यांनीं दरडावलें. न्यायाधीशांनीं नकार दिला, तेव्हां त्यांना गांवाबाहेर नेऊन गळ्यांत दोर अडकविण्यापर्यंत मजल गेली. त्यांनीं शपथ घेतली नाहीं, आणि जमावानें शेवटीं त्यांना जिवंत सोडलें. त्या काउंटींत लष्करी कायदा पुकारला गेला.

मराठी वाचकाला ही हकीकत अनोळखी वाटणार नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं, तेव्हां त्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागिन्यांवर नव्हता. कर्जरोखे व हुकुमनामे हातीं घेऊन जाळण्यावर होता. त्या दंग्यांच्या चौकशींतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला. त्यानें पुणें, सातारा, नगर व सोलापूर या जिल्ह्यांतील न्यायाधीशांना कागदामागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची आणि देणें हप्त्यांनीं फेडूं देण्याची मुभा दिली. सुपें आणि ल मार्स यांच्यामध्यें अर्ध्या पृथ्वीचें अंतर व अठ्ठावन्न वर्षें आहेत. तरी दोन्हीं ठिकाणीं मागणें एकच होतें: देणें नाकारीत नाहीं, पण मुदत द्या.

ही मुदत देण्याचा अधिकार सरकारला आहे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें मिनेसोटा राज्यांतून गेला. मिनिआपोलिस शहरांतील ब्लेजडेल दांपत्याचें चौदा खोल्यांचें घर होतें. ते तेथें राहत व कांहीं खोल्या भाड्यानें देत. २ मे १९३२ रोजीं घराचा लिलाव झाला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनेंच तें ३,७०० डॉलर ९८ सेंटांना घेतलें. घराची खरी किंमत सहा हजार डॉलर होती, असें पुढें न्यायालयाला आढळलें. तेथील कायद्याप्रमाणें सोडवणुकीची मुदत एक वर्षाची. ती संपण्यापूर्वींच एप्रिल १९३३ मध्यें मिनेसोटाच्या विधिमंडळानें मंदीच्या काळापुरती ही मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयांना देणारा कायदा केला. त्याप्रमाणें ब्लेजडेल यांना १ मे १९३५ पर्यंत वेळ मिळाला. मात्र दरमहा ४० डॉलर, म्हणजे घराचें वाजवी भाडें, त्यांनीं भरावयाचें होतें. कराराच्या बंधनांत राज्यांनीं ढवळाढवळ करूं नये असें अमेरिकेच्या राज्यघटनेंत स्पष्ट असल्यानें संस्थेनें या कायद्याला आव्हान दिलें. ८ जानेवारी १९३४ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालयानें कायदा उचलून धरला. मुख्य न्यायाधीश ह्यूज यांचें म्हणणें असें कीं, कर्ज रद्द झालेलें नाहीं, व्याज चालू आहे, धनकोला भाडें मिळत आहे. संकटाच्या काळांत थोडा अवधि वाढविल्यानें करार मोडत नाहीं. चार न्यायाधीशांना हें पटलें नाहीं. आज मुदत वाढली तर उद्यां कोणत्याच करारावर विश्वास ठेवतां येणार नाहीं, अशी त्यांची भीति होती. ही भीति अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं, कारण परतफेडीची खात्री नसेल तर पुढच्या ऋणकोला कर्ज महाग पडतें.

मुदत वाढविणें हा तात्पुरता उपाय होता. कायमचा उपाय १३ जून १९३३ रोजीं मंजूर झालेल्या कायद्यानें काढला. त्या कायद्यान्वयें गृहस्वामी कर्ज महामंडळ स्थापन झालें. हें महामंडळ थकलेलें गहाण धनकोकडून घेई, त्याबद्दल त्याला रोख पैशाऐवजीं आपले रोखे देई, आणि ऋणकोला नवें कर्ज पंधरा वर्षांच्या मुदतीनें व पांच टक्के व्याजानें बांधून देई. दर महिन्याच्या हप्त्यांत व्याजाबरोबर मुद्दलहि थोडें थोडें फिटत जाई, म्हणून अखेरीस एकदम मोठी रक्कम उभी राहण्याचें भय उरलें नाहीं. वीस हजार डॉलरांपर्यंतच्या घरांनाच ही सोय होती. एकोणीस लाखांच्या आसपास अर्ज आले. जून १९३६ पर्यंत सुमारें दहा लाख कर्जें देण्यांत आलीं आणि तीनशें कोटींहून अधिक डॉलर त्यांत गुंतले. गहाण असलेल्या शहरी घरांपैकीं जवळजवळ पांचांत एक घर अशा रीतीनें सरकारी महामंडळाकडे आलें.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाहीं. एवढ्या सवलतींनंतरहि पुष्कळांना हप्ते झेपले नाहींत. दीर्घ काळ वाट पाहून महामंडळाला अखेर सुमारें दोन लाख घरें स्वतःच्या ताब्यांत घ्यावीं लागलीं. न्यूयॉर्क व मॅसॅच्युसेट्स या राज्यांत हें प्रमाण फारच मोठें होतें. लोकांचीं घरें वांचविण्यासाठीं निघालेली संस्था स्वतःच देशांतील मोठ्या घरमालकांपैकीं एक होऊन बसली. येथें तिनें खासगी बँकेहून निराळी वाट धरली. सगळीं घरें एकदम बाजारांत ओतलीं तर आसपासच्या घरांच्या किंमतीहि कोसळतील आणि हप्ते भरणारे दुसरे ऋणकोहि अडचणींत येतील, हें ओळखून तिनें घरें दुरुस्त केलीं, भाड्यानें दिलीं, आणि स्थानिक दलालांच्या मार्फत हळूहळू, अल्प रक्कम आधीं व बाकीची हप्त्यांनीं, अशा अटींवर विकलीं. महामंडळाला घाई नव्हती, म्हणून घेणाऱ्यालाहि घाई करावी लागली नाहीं. घरांच्या विक्रींत तोटा आला, पण इतर कर्जांच्या व्याजांतून तो भरून निघाला. १९५० नंतर थोड्याच वर्षांत महामंडळाचा कारभार आटोपला, तेव्हां सरकारी तिजोरींत परत भरण्यास थोडी शिल्लकहि होती.

या कामगिरीला एक काळी बाजू आहे, ती झांकून चालणार नाहीं. १९३५ पासून महामंडळानें दोनशेंहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. त्यांत प्रत्येक वस्ती हिरवा, निळा, पिवळा किंवा तांबडा रंग देऊन प्रतवारी लावलेली असे. तांबडा रंग म्हणजे कर्जाला धोक्याची वस्ती. आणि जेथें काळे लोक राहत ती वस्ती बहुधा तांबडीच असे. महामंडळाचीं बहुतेक कर्जें हे नकाशे होण्यापूर्वींच दिलीं गेलीं होतीं, तेव्हां सगळा दोष नकाशांवर टाकणें बरोबर नाहीं, असें अलीकडच्या इतिहाससंशोधकांनीं दाखविलें आहे. तथापि १९३४ सालीं निघालेल्या गृहकर्ज विमा खात्यानें हाच पूर्वग्रह पुढें अनेक वर्षें चालविला, आणि दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाचा लाभ काळ्या कुटुंबांना बव्हंशीं मिळाला नाहीं. मुदत हें एक दान आहे असें धरलें, तर तें दान देतांना हात आंखडला गेला.

महायुद्धानंतरच्या भरभराटींत हा विषय मागें पडला. १९८० नंतरच्या दशकांत घरकर्ज देणाऱ्या शेंकडों बचतसंस्था बुडाल्या, तेव्हां तो पुन्हां पुढें आला. १९८९ सालीं काँग्रेसनें एक निस्तारण महामंडळ नेमलें. १९९५ पर्यंत त्यानें ७४७ संस्था निकालांत काढल्या आणि त्यांच्या वह्यांतील घरें, इमारती व भूखंड विकले. मोठमोठ्या मालमत्ता गठ्ठ्यांनीं विकण्याचा प्रघात याच महामंडळानें पाडला. मात्र ठराविक किंमतीच्या आंतील घरांच्या बाबतींत कायद्यानें एक अट घातली होती: पहिले तीन महिने तीं घरें बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं राखून ठेवावीं. जेथें १९३३ सालीं वर्षांचा हिशेब होता, तेथें आतां महिन्यांचा होऊं लागला.

दुसरा महापूर आला तो २००७ नंतर. आतां गहाणखत एका बँकेच्या तिजोरींत स्वस्थ पडून राहत नव्हतें. हजारों गहाणखतांचा एक गठ्ठा करून त्याचे रोखे जगभर विकले जात. हप्ता गोळा करणारा एक, रोखेधारक दुसरा आणि विश्वस्त बँक तिसरी. ऋणकोनें कोणाकडे जाऊन मुदत मागावयाची, हेंच कळेनासें झालें. २००६ ते २०१२ या काळांत देशांतील घरांच्या किंमती चतुर्थांशाहून अधिक उतरल्या. लास व्हेगास शहरांत तर त्या निम्म्याहून खालीं गेल्या. एकट्या २०१० सालीं दहा लाखांहून अधिक घरें कर्ज देणाऱ्यांच्या मालकीचीं झालीं. कामाच्या रेट्यांत बँकांचे नोकर कागद न वाचतां दिवसाला शेंकडों प्रतिज्ञापत्रांवर सह्या करीत, असें त्या वर्षीं उघडकीस आलें. फेब्रुवारी १९१२ नव्हे, तर पूर्ण शंभर वर्षांनीं, फेब्रुवारी २०१२ मध्यें पांच मोठ्या बँकांनीं ४९ राज्यांशीं २५०० कोटी डॉलरांची तडजोड केली.

अशा कागदांची झळ ऋणकोलाच लागते असें नाहीं, घेणाऱ्यालाहि लागते. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०११ मध्यें असा निर्णय दिला कीं, लिलावाच्या वेळीं गहाणखत आपल्या नांवावर होतें हें बँकेला दाखवितां आलें नाहीं, तर तो लिलावच रद्द. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हॅवरहिल गांवच्या एका खरेदीदाराचा दावा त्या न्यायालयापुढें आला. त्यानें बँकेकडून पैसे मोजून घर घेतलें होतें. परंतु बँकेच्याच हातीं मालकी नव्हती, तेव्हां तिनें ती दुसऱ्याला कोठून द्यावी? खरेदीखत हातीं असूनहि तो मालक ठरला नाहीं. घाईनें बंद केलेला सोडवणुकीचा दरवाजा नीट बंद होत नाहीं, आणि त्याची थंडी पुढच्या रहिवाशालाहि बाधते.

या काळांत बँकेचें घर घेऊं पाहणाऱ्या सामान्य कुटुंबाची स्थिति विलक्षण होती. घरें इतकीं स्वस्त कधींच नव्हतीं, आणि कर्ज मिळणें इतकें कठीण कधींच नव्हतें. न्यायालयाच्या पायऱ्यांवरील लिलावांत घर आंतून पाहतां येत नसे, आणि किंमत बहुधा रोखीनें मोजावी लागे. बँकेच्या मालकीचें झालेलें घर दलालामार्फत पाहतां येई, परंतु तें ‘आहे त्या स्थितींत’ विकलें जाई; दोषांची जबाबदारी बँक घेत नसे. नळ फुटलेले, छप्पर गळतें, अशा घरावर दुसरी बँक कर्ज देण्यास नाखूष. कुटुंबाला कर्ज मंजूर होण्यास महिना दीड महिना लागे. शेजारीं रोख रक्कम घेऊन उभा असलेला गुंतवणूकदार त्याच आठवड्यांत व्यवहार पुरा करी. विकणाऱ्या बँकेला घाई असल्यानें किंमत थोडी कमी आली तरी रोखवाला बरा वाटे.

हें ओळखून सरकारी छत्राखालील फॅनी मे या गृहकर्ज संस्थेनें २००९ सालीं आपल्या मालकीचीं घरें पहिले पंधरा दिवस केवळ स्वतः राहणाऱ्यांनाच दाखविण्याची योजना काढली. पंधरा दिवस ही मुदत थोडी खरी, पण दिशा बरोबर होती. उलट २०१२ सालीं सुमारें अडीच हजार सरकारी छत्राखालील घरें गठ्ठ्यानें गुंतवणूकदारांना विकून तीं भाड्यानें लावण्याचा प्रयोगहि झाला. त्याच वर्षीं ब्लॅकस्टोन या भांडवलदार कंपनीनें इन्व्हिटेशन होम्स ही शाखा काढली. फीनिक्स, अटलांटा अशा शहरांतून तिनें घरें घेण्याचा सपाटा लावला आणि थोड्याच वर्षांत तिच्याकडे सुमारें पन्नास हजार घरें झालीं. २०१७ मधील एका विलीनीकरणानंतर हा आंकडा ऐंशी हजारांवर गेला. २००४ सालीं देशांतील ६९ टक्के कुटुंबें स्वतःच्या घरांत राहत होतीं. २०१६ सालीं तें प्रमाण ६३ टक्क्यांच्या खालीं आलें. जुना मालक कित्येकदां त्याच वस्तींत भाडेकरू म्हणून परतला. घर तेंच, रस्ता तोच. बदललें तें खरेदीखतावरील नांव.

गुंतवणूकदारांच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वस्त्यांत एकहि गिऱ्हाईक फिरकत नव्हतें तेथें त्यांनीं पैसा आणला, छपरें दुरुस्त केलीं आणि किंमतींची घसरण थांबविण्यास हातभार लावला. रिकामें घर शेजारालाहि जाच असतो. परंतु त्यांचा फायदा चातुर्यापेक्षां एका गोष्टींत होता. सगळ्यांना पैसा मिळेनासा झाला तेव्हां त्यांच्याजवळ तो होता, आणि बँक थांबावयास तयार नव्हती.

भारतांत हा बाजार पुष्कळ उशिरां उघडला. २००२ सालच्या सर्फेसी कायद्यानें बँकांना न्यायालयांत न जातां तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकण्याचा अधिकार दिला. शेतजमीन या कायद्यांतून वगळली आहे. थकलेल्या ऋणकोला प्रथम साठ दिवसांची नोटीस, ताबा घेतल्यावर पहिल्या विक्रीपूर्वीं तीस दिवसांची, मग राखीव किंमत ठरवून लिलाव, अशी त्याची रीत आहे. बोली जिंकणाऱ्यानें त्याच दिवशीं, किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशीं, पंचवीस टक्के रक्कम भरावयाची आणि विक्री कायम झाल्यावर उरलेली पंधरा दिवसांत. बँकेनें लेखी मान्य केल्यास ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाहीं. मुंबई, पुणें व ठाणें येथील वर्तमानपत्रांत ‘जसें आहे, जेथें आहे’ या शब्दांनीं येणाऱ्या लिलावाच्या जाहिराती आतां नित्याच्या झाल्या आहेत. त्यांतील स्वस्त सदनिका घेऊं पाहणाऱ्यानें सोसायटीची थकबाकी, कर, आंत कोणी राहतो काय, आणि मालकीचे जुने कागद हीं सर्व स्वतः तपासलीं पाहिजेत. कारण तीं तपासण्याचा भार या शब्दांनीं त्याच्याच शिरावर ठेवलेला असतो.

येथेंहि मुदतीचा प्रश्न सुटलेला नाहीं. पूर्वीं विक्री पुरी होईपर्यंत ऋणकोला पैसे भरून घर सोडवितां येई. २०१६ सालच्या दुरुस्तीनें ही संधि लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच ठेवली, आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायद्याचा हाच अर्थ कायम केला. यामुळें लिलावांत घेणाऱ्याला स्थैर्य आलें. आयत्या वेळीं जुना मालक येऊन सौदा मोडील ही धास्ती गेली. पण घेणाऱ्याचें हें स्थैर्य ऋणकोच्या कांहीं आठवड्यांतून कापून दिलेलें आहे, हें विसरतां येत नाहीं.

चॅन्सरी न्यायालयापासून आजच्या लिलावापर्यंत धनको, ऋणको आणि नवा खरेदीदार यांच्यामध्यें हीच ओढाताण चालत आली आहे. ऋणकोला अमर्याद वेळ दिला तर कोणी कर्ज देणार नाहीं. मुळींच न दिला तर एका वाईट वर्षासाठीं सगळ्या आयुष्याची कमाई जाते. आणि विकणाऱ्यानें फार घाई केली, तर घर गरजवंताकडे न जातां ज्याच्यापाशीं त्या दिवशीं रोख पैसा आहे त्याच्याकडे जातें. १९३३ च्या महामंडळानें थांबून विकलें, आणि थांबण्यांत सरकार बुडालें नाहीं. बँकेच्या वहींतील घर स्वस्त असणारच. त्या स्वस्ताईचा लाभ तेथें राहावयास येणाऱ्या कुटुंबाला व्हावा असें वाटत असेल, तर त्याला कर्ज उभें करण्यापुरता वेळ कायद्यानेंच राखून ठेवला पाहिजे. बाजार तो आपण होऊन देत नाहीं.